काटा चालू, केबल जागेवर, तरी ‘पोर्ट सापडत नाही’: लिनक्सवरील यूएसबी-सीरियल बिघाडाचा माग

वजनकाट्यांच्या केबिनमधील लिनक्स संगणकांची देखभाल करताना एक तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा आली आहे की, हंगामात रात्री फोन वाजला की ती काय असेल याचा अंदाज मला उचलण्याआधीच येतो. इंडिकेटरवर वजन दिसत असते, केबल जागेवर असते, बाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असते, आणि पडद्यावर प्रोग्राम सांगत असतो की पोर्ट सापडत नाही. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की बहुतेक वेळा काम सुरू होते, म्हणून मूळ दोष कोणी शोधत नाही, आणि चार दिवसांनी तोच फोन पुन्हा येतो.

हे टिपण अशा काट्यांसाठी लिहिले असले तरी यूएसबी-सीरियल केबलने, म्हणजे यंत्राची सीरियल जोडणी संगणकाच्या यूएसबी भोकाला जोडणाऱ्या केबलने, जोडलेल्या कोणत्याही यंत्राला ते लागू पडते, मग ते प्रयोगशाळेतील मापक असो, सीएनसी म्हणजे संगणकाने चालणारे कापयंत्र असो की बारकोड वाचणारी जुनी पेटी. कमांड आणि फाइलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन अक्षरांत टंकावीत.

लक्षणे

सर्वांत जास्त आढळणारे लक्षण म्हणजे काल रात्रीपर्यंत व्यवस्थित चालणारा प्रोग्राम ‘/डेव्ह/टीटीवाययूएसबी० नाही’ असे सांगू लागतो, आणि /डेव्ह या यंत्रांच्या नोंदी असलेल्या डिरेक्टरीत पाहिले तर तेथे टीटीवाययूएसबी१ असते. बहुतेक वेळा कोणीतरी केबल काढून पुन्हा घातलेली असते, मात्र विचारल्यावर ते कबूल करतीलच असे नाही.

दुसरे लक्षण अधिक घातक आहे, कारण त्यात कोणतीही चूक पडद्यावर येत नाही. एकाच संगणकाला दोन केबली जोडलेल्या असतात, एक भरलेल्या गाडीच्या काट्याची आणि दुसरी रिकाम्या गाडीच्या काट्याची. वीज जाऊन आल्यानंतर दोन्ही पोर्ट दिसतात, दोन्हींवर वजनही येते, परंतु ती एकमेकांच्या जागी येते. भरलेल्या ट्रॉलीच्या पावतीवर शेजारच्या काट्यावरील वजन छापले गेले, तर तो प्रश्न संगणकाचा न राहता शेतकऱ्याच्या बिलाचा होतो.

याशिवाय वजनाचा आकडा मधूनच अर्धवट येणे, केबल घातल्यावर पोर्ट क्षणभर दिसून नाहीसा होणे, प्रशासक खात्यातून प्रोग्राम चालणे पण काटा क्लार्कच्या खात्यातून न चालणे, आणि शेजारची मोठी मोटर सुरू होताच पोर्ट जाणे, ही लक्षणेही नेहमीची आहेत. ही सगळी एकाच रोगाची वाटत असली तरी त्यांची कारणे वेगवेगळी आहेत, म्हणून प्रथम लक्षण नेमके कोणते ते कागदावर लिहून काढावे.

कर्नल यंत्राची माहिती कोठे ठेवतो

तपासण्या समजण्यासाठी एवढे माहीत असणे पुरेसे आहे की, कोणताही प्रोग्राम यंत्राला थेट हात लावत नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याला यंत्राबद्दल जे दाखवतो तेवढेच त्याला दिसते. केबल घातली की यूएसबी हब, म्हणजे अनेक भोके एका मार्गाला जोडणारा भाग, कर्नलला कळवतो, कर्नल केबलमधील चिपकडून तिची ओळख मागतो, म्हणजे उत्पादकाचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक आणि असल्यास अनुक्रमांक. उदाहरणार्थ एफटीडीआय कंपनीची एफटी२३२आर ही चिप ०४०३:६००१ असे सांगते, तर स्वस्त केबलींमध्ये सर्रास आढळणारी सीएच३४० ही १ए८६:७५२३ असे सांगते. या क्रमांकांवरून कर्नल ड्रायव्हर, म्हणजे त्या चिपशी बोलू शकणारा आपला भाग, निवडतो, आणि ड्रायव्हर त्या क्षणी मोकळा असलेला सर्वांत लहान आकडा घेऊन पोर्टला नाव देतो. टीटीवाययूएसबी० मधील शून्याला याहून अधिक अर्थ नाही. कोणता काटा, कोणते भोक, कोणती केबल यांपैकी काहीही त्या शून्यात नोंदलेले नसते, आणि तरीही बहुतेक प्रोग्रामांच्या मांडणीत नेमके तेच नाव कायमचे लिहून ठेवलेले असते.

त्यानंतर तीन गोष्टी घडतात. /सिस या डिरेक्टरीत त्या यंत्राची सविस्तर नोंद तयार होते, जेथे साधारणपणे प्रत्येक छोट्या फाइलीत एकच माहिती असते. /डेव्ह मध्ये पोर्टची नोंद तयार होते. यूएसबी-सीरियल पोर्टांचा मुख्य क्रमांक १८८ आणि पुढचा क्रमांक हा त्या पोर्टचा. शेवटी कर्नल नेटलिंक या मार्गाने ‘नवे यंत्र आले’ अशी सूचना पाठवतो, ती यूडेव्ह ही सेवा ऐकते आणि नियमांच्या फाइली वाचून पोर्टचा गट, परवानगी आणि जादा नावे ठरवते. ही पद्धत २००३ साली आलेल्या कर्नलच्या २.६ मालिकेच्या सुमारास रुळली. त्यापूर्वी यंत्र असो वा नसो, /डेव्ह मध्ये शेकडो नोंदी आधीच करून ठेवलेल्या असत, आणि कोणत्या नोंदीमागे खरोखर यंत्र आहे हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नसे. २००९ च्या अखेरीस आलेल्या २.६.३२ पासून /डेव्ह मधील मूळ नोंद कर्नल स्वतःच करतो आणि यूडेव्ह तिच्यावर पुढचे संस्कार करतो.

/सिस मधील माहिती किती उपयोगी असते ते एकदा जवळून पाहावे. ‘रीडलिंक -एफ /सिस/क्लास/टीटीवाय/टीटीवाययूएसबी०’ अशी कमांड दिली की एक लांबलचक पत्ता मिळतो, ज्यात पीसीआय०००० नंतर ००००:००:१४.०, मग यूएसबी१, मग १-२, मग १-२:१.० असे तुकडे असतात. उजवीकडून वाचत गेले तर त्याचा अर्थ असा की हा पोर्ट त्या चिपच्या पहिल्या मांडणीतील शून्य क्रमांकाच्या जोडणीवर आहे, ती केबल पहिल्या यूएसबी मार्गाच्या दुसऱ्या भोकात आहे, आणि तो मार्ग मदरबोर्डवरील अमुक पीसीआय पत्त्याच्या नियंत्रकातून निघतो. मध्ये हब असेल तर १-२ च्या जागी १-२.३ असे दिसते, म्हणजे दुसऱ्या भोकातील हबचे तिसरे भोक. शून्य या आकड्यात नसलेली सर्व माहिती या पत्त्यात आहे, आणि पुढील कायमचा उपाय याच पत्त्यावर उभा आहे.

पहिली तपासणी: चूक सांगणाऱ्या संदेशाचे शब्द जसेच्या तसे वाचणे

हिला एक पैसाही लागत नाही आणि हीच बहुतेक जण वगळतात. फोनवर मला ‘पोर्ट एरर’ असे सांगितले जाते, परंतु कर्नल याहून बरेच स्पष्ट बोलतो. ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ म्हणजे त्या नावाची नोंदच नाही, म्हणून नाव बदलले आहे की यंत्र दिसतच नाही ते पाहावे. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे यंत्र आहे, नावही बरोबर आहे, फक्त या खात्याला मुभा नाही. अशा वेळी केबल बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे. ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामने पोर्ट एकट्यासाठी राखून ठेवला आहे. ‘इनपुट/आउटपुट एरर’ बहुधा चालू असताना यंत्र निसटल्यावर येते.

प्रोग्राम पायथॉनमध्ये लिहिलेला असेल तर पायसीरियलचा, म्हणजे पायथॉनमधून सीरियल पोर्ट वापरण्याच्या संचाचा, एक लांब संदेश पुष्कळदा दिसतो, ज्याचा आशय असा की पोर्ट वाचायला तयार आहे म्हणतो पण त्यातून काहीच येत नाही, आणि पुढे कंसात दोन शक्यता दिलेल्या असतात: यंत्र निसटले असावे किंवा एकाच पोर्टवर दोघे बसले असावेत. लोक पहिलीच शक्यता वाचून थांबतात. माझ्या अनुभवात दुसरी तितकीच वेळा खरी ठरली आहे.

दुसरी तपासणी: नोंद खरोखर पोर्टचीच आहे का

‘एलएस -एल /डेव्ह/टीटीवाययूएसबी*’ ही कमांड द्यावी आणि ओळीचे पहिले अक्षर पाहावे. ते ‘सी’ असले पाहिजे, आणि पुढे १८८ हा आकडा दिसला पाहिजे. ही तपासणी फार क्षुल्लक वाटते, म्हणून तिच्या मागची हकीकत सांगतो. एका काट्यावर तीन वेळा केबल बदलूनही पोर्ट सुरू होईना. ओळ नीट वाचली तेव्हा पहिल्या अक्षराच्या जागी आडवी रेघ होती आणि आकार काही बाइट होता. म्हणजे टीटीवाययूएसबी० या नावाची एक साधी फाइल /डेव्ह मध्ये बसली होती. केबल निघालेली असताना कोणीतरी प्रशासक खात्यातून त्या नावावर चाचणीसाठी मजकूर पाठवला होता, पोर्ट नसल्याने शेलने, म्हणजे टर्मिनलवरील कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामने, त्या नावाची फाइल तयार करून दिली, आणि नंतर केबल आली तेव्हा कर्नलला त्या जागी आपली नोंद करता येईना. /सिस मध्ये यंत्र व्यवस्थित दिसत होते. ती फाइल पुसून केबल पुन्हा घातली आणि काम झाले. /डेव्ह स्मृतीत असल्यामुळे संगणक पुन्हा सुरू केल्यावरही ती फाइल नाहीशी झालीच असती, आणि मग दोष कोणाच्याच ध्यानात आला नसता.

याच ओळीत गटाचे नावही असते. डेबियन आणि उबंटूवर ते डायलआउट असते, आर्चवर यूयूसीपी. काटा क्लार्कचे खाते त्या गटात नसेल तर ‘परमिशन डिनाइड’ येणारच. खाते गटात घातल्यानंतर त्या खात्यातून बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा लागतो, कारण चालू सत्राला नवा गट आपोआप मिळत नाही. हे न सांगितल्यामुळे ‘तुमचा उपाय चालला नाही’ असा फोन मला अनेकदा आला आहे. पोर्टची परवानगी हाताने ६६६, म्हणजे सर्वांना वाचण्या-लिहिण्याची मुभा, करून टाकणे हा उपाय नव्हे, कारण केबल पुढच्या वेळी निघून आत गेली की यूडेव्ह ती परवानगी पुन्हा पूर्ववत करतो.

तिसरी तपासणी: पोर्ट कोणी धरून ठेवला आहे

‘एफयूजर -व्ही /डेव्ह/टीटीवाययूएसबी०’ ही कमांड प्रशासक म्हणून द्यावी. तिच्या उत्तरात एकापेक्षा अधिक प्रोग्राम दिसले तर अर्धवट वजनाचे कोडे तेथेच सुटते. लिनक्स सीरियल पोर्ट दोघांना एकाच वेळी उघडू देतो; एखाद्या प्रोग्रामने मुद्दाम एकट्यासाठी मागितला नसेल तर कर्नल हरकत घेत नाही. मग इंडिकेटरकडून आलेली अक्षरे दोघांत वाटली जातात, ज्याने आधी वाचले त्याला ती मिळतात, आणि वजनाच्या ओळीचा अर्धा भाग एकाकडे आणि उरलेला दुसऱ्याकडे जातो. काट्याच्या प्रोग्रामची एक प्रत पडद्यामागे अडकून राहिलेली असणे आणि क्लार्कने दुसरी सुरू करणे, हे याचे नेहमीचे कारण आहे.

शून्याचा एक कसा होतो तेही येथेच कळते. प्रोग्रामने पोर्ट उघडलेला असताना केबल निसटली तर यंत्र जाते, पण प्रोग्रामच्या हातातील दुवा तसाच राहतो, आणि तो दुवा सुटेपर्यंत कर्नल तो आकडा कोणालाही देत नाही. केबल पुन्हा घातल्यावर पुढचा मोकळा आकडा मिळतो, म्हणून टीटीवाययूएसबी१. म्हणजे केबल हलवून पाहण्याआधी प्रोग्राम बंद करणे हा नियम पाळला तरी निम्मे फोन कमी होतील. ही एक ओळ मी मोठ्या अक्षरांत छापून केबिनच्या भिंतीवर चिकटवतो, आणि पंख्याने ती दोन महिन्यांत खाली पडते.

चौथी तपासणी: कर्नलची रोजनिशी

येथपर्यंत उत्तर मिळाले नसेल तर केबल घालताना कर्नल काय म्हणतो ते ऐकावे. एका खिडकीत ‘सुडो डीमेसेज -डब्ल्यू’ सुरू ठेवून केबल काढावी, पाच सेकंद थांबून पुन्हा घालावी. अलीकडच्या उबंटूवर सुडोशिवाय, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराशिवाय, ही कमांड नकार देते, त्याने बिचकू नये. निरोगी केबल घातल्यावर नवे फुल-स्पीड यंत्र सापडल्याची ओळ, मग उत्पादक आणि वस्तूचे क्रमांक, आणि शेवटी ‘नाऊ अटॅच्ड टू टीटीवाययूएसबी०’ अशी ओळ येते.

एकही ओळ आली नाही तर कर्नलपर्यंत काही पोहोचलेलेच नाही, म्हणून ड्रायव्हर, परवानगी, नियम यांत वेळ घालवणे व्यर्थ आहे. भोक बदलावे, केबल दुसऱ्या संगणकावर लावून पाहावी. क्रमांकांची ओळ आली पण ‘अटॅच्ड’ आली नाही तर ड्रायव्हर बसलेला नाही. ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४, एरर -७१’ किंवा -११० अशा ओळी आल्या तर चिपशी बोलणेच नीट होत नाही. -७१ म्हणजे संभाषणात बिघाड, -११० म्हणजे उत्तराची वाट पाहून वेळ संपली. या दोन्ही आकड्यांवर मी प्रथम केबल, मग हब, मग वीजपुरवठा या क्रमाने संशय घेतो.

मात्र एक प्रकार असा आहे की ज्यात ‘अटॅच्ड’ची ओळ येते आणि लगेच पुढच्याच ओळीत ‘नाऊ डिस्कनेक्टेड’ येते, आणि मध्ये बीआरएलटीटीवाय हे नाव दिसते. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या उबंटू २२.०४ वर सीएच३४० केबली वापरणाऱ्या अनेकांना हा त्रास झाला. बीआरएलटीटीवाय ही अंध व्यक्तींसाठी ब्रेल पट्टी चालवणारी सेवा आहे. एका ब्रेल वाचकात हीच चिप असल्याने यूडेव्हच्या नियमांत १ए८६:७५२३ हा क्रमांक ब्रेल यंत्राचा म्हणून नोंदलेला होता, आणि म्हणून ती सेवा आपल्या काट्याच्या केबलवर हक्क सांगत असे. त्या संगणकावर ब्रेल पट्टी वापरणारे कोणी नसेल, तर आणि तरच, ते पॅकेज काढून टाकावे. दोष चिपच्या उत्पादकाचा नाही आणि ब्रेल सेवेचाही नाही. एकच क्रमांक घेऊन दोन निराळी यंत्रे बाजारात आली की क्रमांकावर विसंबणारा कोणताही नियम असाच फसतो.

याच्या जवळचा उपद्रव मोडेममॅनेजरचा. नवा सीरियल पोर्ट दिसला की तो मोडेम आहे का हे पाहण्यासाठी ही सेवा काही वेळा त्यावर एटी कमांड, म्हणजे मोडेमला समजणारे आदेश, पाठवते, आणि इंडिकेटर त्या अक्षरांनी गोंधळतो. केबल घातल्यानंतरचे पहिले काही सेकंद वजन विचित्र येत असेल तर ती सेवा थांबवून पाहावी. काट्याच्या संगणकावर मोबाइल डोंगल नसेल तर तिची गरजही नसते.

पाचवी पायरी: आकड्यावर विसंबणे सोडणे

अदलाबदलीवरचा कायमचा उपाय हा आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो फुकट तयार असतो. /डेव्ह/सीरियल/बाय-आयडी आणि /डेव्ह/सीरियल/बाय-पाथ या दोन डिरेक्टऱ्या यूडेव्ह स्वतःच भरतो. पहिलीत चिपच्या ओळखीवरून नावे असतात, दुसरीत भोकाच्या पत्त्यावरून. प्रोग्रामच्या मांडणीत टीटीवाययूएसबी० च्या जागी यांतील पूर्ण नाव लिहिले की केबल शून्यावर येवो की सातवर, प्रोग्राम योग्य काट्यापाशीच पोहोचतो.

दोहोंपैकी कोणते नाव घ्यावे हे केबलवर अवलंबून आहे. अस्सल एफटीडीआय केबलीत प्रत्येकीचा वेगळा अनुक्रमांक असतो, म्हणून तेथे बाय-आयडी घ्यावे. केबल कोणत्याही भोकात घातली तरी चालते. सीएच३४० केबलींत सहसा अनुक्रमांक नसतो, त्यामुळे अशा दोन केबली लावल्या की दोघींना बाय-आयडी मध्ये तेच नाव हवे असते आणि एकीचेच टिकते. सीपी२१०२ या आणखी एका चिपच्या बऱ्याच स्वस्त पट्ट्यांवर अनुक्रमांक असतो, पण सगळ्यांवर तोच ०००१. या दोन्हींसाठी बाय-पाथ घ्यावे, आणि मग कोणती केबल कोणत्या भोकात हे रंगाने खुणावून ठेवावे. माझे मत विचाराल तर दोन काट्यांच्या केबिनमध्ये स्वस्त केबल घेऊच नये. केबलींच्या किमतीतला फरक एका चुकीच्या पावतीच्या मनस्तापापेक्षा कमीच असतो.

स्वतःचे सुटसुटीत नाव हवे असेल तर /ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी मध्ये ९९ ने सुरू होणाऱ्या नावाची एक फाइल करून तीत नियम लिहावा. त्यात उपव्यवस्था टीटीवाय आहे, अनुक्रमांक अमुक आहे, अशा अटी घालाव्यात आणि शेवटी ‘सिमलिंक+=’ लिहून भरकाटा किंवा रिकामकाटा यांसारखे नाव रोमन अक्षरांत द्यावे. अटींसाठी लागणारी माहिती ‘यूडेव्हएडीएम इन्फो -ए -एन /डेव्ह/टीटीवाययूएसबी०’ या कमांडने मिळते. ती यंत्रापासून सुरू करून एकेक वडीलधाऱ्या यंत्राची, म्हणजे खालचे यंत्र ज्याला जोडलेले आहे त्याची, पाने वर वर दाखवत जाते, आणि येथेच लोक अडखळतात: एका नियमात यंत्राच्या स्वतःच्या अटींबरोबर वडीलधाऱ्यांपैकी एकाच पानावरील अटी घेता येतात, दोन पानांची सरमिसळ केली की नियम निमूटपणे लागू होत नाही. दुसरी हमखास चूक म्हणजे अटीत दोन बरोबर चिन्हांऐवजी एकच टाकणे. नियम लिहिल्यावर ‘यूडेव्हएडीएम कंट्रोल --रीलोड’ आणि मग ‘यूडेव्हएडीएम ट्रिगर’ द्यावे, अन्यथा आधीच जोडलेल्या केबलला नवे नाव मिळत नाही. टीटीवाययूएसबी० हे मूळ नावच बदलून टाकण्याच्या फंदात पडू नये. ते कर्नलचे असते, आपण त्याला केवळ जोडनाव देतो.

उपाय झाल्यावर पडताळणी अशी करावी: प्रोग्राम बंद करून दोन्ही केबली काढाव्यात, उलट क्रमाने घालाव्यात, बाय-पाथ किंवा त्यावर आधारलेले नाव घेतले असेल तर ज्याच्या त्याच्या भोकातच, आणि मग एका काट्यावर माणूस उभा करून आकडा कोणत्या चौकटीत बदलतो ते पाहावे. पडद्यावर नावे बरोबर दिसणे पुरेसे मानू नये.

सहावी तपासणी: वीजबचत आणि हब

काही वेळ गाडी आली नाही की पोर्ट जातो आणि केबल हलवली की परत येतो, असे घडत असेल तर वीजबचतीची सोय पाहावी. /सिस/बस/यूएसबी/डिव्हायसेस मध्ये त्या यंत्राच्या डिरेक्टरीत पॉवर नावाची डिरेक्टरी असते, आणि तीत कंट्रोल नावाची फाइल. तीत ‘ऑटो’ असेल तर ‘ऑन’ लिहून चार दिवस पाहावे. लॅपटॉपवर वीज वाचवणारी साधने ही ‘ऑटो’ परस्पर करून ठेवतात. मध्ये हब असेल आणि त्याला स्वतःचा वीजपुरवठा नसेल, तर तो काढून केबल थेट संगणकाला लावावी.

येथे थांबावे

रोजनिशीत ‘डिसेबल्ड बाय हब (ईएमआय?), री-एनेबलिंग’ अशी ओळ येत असेल, तर कर्नल स्वतःच विद्युत व्यत्ययाचा संशय व्यक्त करत आहे. ती ओळ आणि मोटर सुरू होण्याची, वेल्डिंगची किंवा विजेच्या गडगडाटाची वेळ जुळते का ते दोन दिवस घड्याळ लावून पाहावे. ‘डीमेसेज -टी’ वेळ वाचता येईल अशी देते. संगणक मध्यंतरी बंद झाला असेल आणि जुनी रोजनिशी जपून ठेवण्याची सोय चालू असेल, तर ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’ मागच्या वेळची देते. यूएसबीची बाजू पाच मीटरच्या आत ठेवावी आणि अंतर हवे असल्यास ते सीरियल बाजूने वाढवावे, तेही आरएस-२३२ ही नेहमीची सीरियल जोडणी असेल तर सुमारे पंधरा मीटरपर्यंतच. त्यापलीकडे आरएस-४८५ ही लांब अंतराची जोडणी लागते. केबल मोटरच्या पॉवर केबलीपासून दूर नेणे एवढे आपण करू शकतो.

यापुढचे काम संगणकाच्या माणसाचे नाही. इंडिकेटरच्या धातूच्या पेटीला किंवा केबलच्या कवचाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, अर्थिंग सैल दिसत असेल, किंवा एकापाठोपाठ दोन केबली जळाल्या असतील, तर केबल काढून ठेवावी आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवावे. तिसरी केबल लावून पाहू नये. काटा आणि संगणक वेगवेगळ्या अर्थिंगवर असतील तर विद्युतरोधक कन्व्हर्टर बसवावा लागतो, आणि तो कोणता हे त्यानेच मोजून ठरवावे.

इंडिकेटर, जंक्शन बॉक्स आणि लोडसेल (काट्याखालचे वजन मोजणारे भाग) यांना तर हात लावूच नये. त्यांवर वैधमापन खात्याचे सील असते, आणि ते तोडणे हा केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही. केबल काढल्यावरही इंडिकेटरवरचा आकडा अस्थिर दिसत असेल तर दोष आपल्या बाजूला नाही, परवानाधारक काटा दुरुस्ती करणाऱ्यालाच बोलवावे. तसेच दोन चांगल्या केबली संगणकाच्या प्रत्येक भोकात -७१ किंवा -११० दाखवत असतील आणि दुसऱ्या संगणकावर त्याच केबली चालत असतील, तर मदरबोर्डवरील यूएसबी नियंत्रक गेला आहे. तो हार्डवेअर दुरुस्तीवाल्याकडे द्यावा.

बोलावलेल्या माणसाला देण्यासाठी चार गोष्टी एका कागदावर काढून ठेवाव्यात: चूक सांगणाऱ्या संदेशाचे शब्द जसेच्या तसे, डीमेसेजच्या शेवटच्या पन्नास ओळी वेळेसह, जोडलेल्या यूएसबी यंत्रांची यादी देणाऱ्या ‘एलएसयूएसबी’चे उत्तर, आणि ‘सुडो कॅट /प्रॉक/टीटीवाय/ड्रायव्हर/यूएसबीसीरियल’चे उत्तर, ज्यात कोणता आकडा कोणत्या ड्रायव्हरकडे आणि कोणत्या भोकावर आहे हे एकेका ओळीत मिळते. हे सर्व संगणक पुन्हा सुरू करण्याच्या आधी काढावे. पुन्हा सुरू केल्यावर आकडे शून्यापासून लागतात, अडकलेला दुवा सुटतो, डीमेसेज कोरा होतो, आणि आलेल्या माणसाला एक व्यवस्थित चालणारा काटा पाहून परत जावे लागते.